बोटीची लिफ्ट गाळात रुतू नये म्हणून काय करतात? आणि कोयनेच्या शिवसागरात हे काम एवढं अवघड का आहे?

सांगली-साताऱ्यात कुणासमोर 'लिफ्ट' असा शब्द काढला, तर समोरच्याच्या डोक्यात इमारतीतली लिफ्ट नंतर येते. आधी येतात टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ. कृष्णेचं पाणी पंपानं वर उचलायचं आणि दुष्काळी तालुक्यांत नेऊन सोडायचं, ही इथली लिफ्ट. पण जगात आणखी एक लिफ्ट असते. ती पाणी उचलत नाही, पाण्यातून बोट उचलते.

अमेरिका-कॅनडातल्या गोड्या पाण्याच्या तलावांवर ही गोष्ट घरोघरी दिसते. काठाजवळ उथळ पाण्यात चार पायांची लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट उभी असते. मध्ये दोन आडवे पट्टे. बोट त्यांच्यावर आणायची, हातानं चाक फिरवायचं किंवा मोटर चालू करायची, की पट्टे वर येतात आणि बोट पाण्याच्या फूट-दोन फूट वर अधांतरी राहते. तिला शेवाळ लागत नाही, लाटांनी ती धक्क्यावर आपटत नाही, फायबरच्या तळाला महिनोन्‌महिने पाण्यात राहून फोड येत नाहीत.

ऐकायला सोपं आहे. अडचण येते ती पायाखाली. तलावाचा तळ कातळाचा किंवा मुरमाचा असेल तर प्रश्न नाही. पण तळाला गाळ असेल तर चौकटीचा एक पाय रुततो, मग दुसरा, आणि एके दिवशी सगळी लिफ्ट बोटीसकट तिरकी होते. आपल्याकडच्या धरणांमध्ये हा प्रश्न दुप्पट होतो. तळाला गाळ आहेच, वर पाण्याची पातळीही जागेवर राहत नाही.

आपल्याकडं बोटी कुठं आहेत?

साताऱ्यात बोटींचं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे कोयना धरणाचा शिवसागर जलाशय. महाबळेश्वरला उगम पावून दक्षिणेला वाहणारी कोयना पाटण तालुक्यात कोयनानगरजवळ अडवली आहे. धरणाची उंची सुमारे १०३ मीटर, क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफुटांहून थोडी जास्त. पाण्याचा फुगवटा सुमारे ५० किलोमीटर मागं, थेट तापोळ्याच्या पुढं जातो. सोळशी आणि कांदाटी या नद्याही त्याच पाण्यात मिळतात.

धरण भरलं तेव्हा खोऱ्यातली गावं उठली, काही डोंगरउतारावर वर सरकली. जुने रस्ते पाण्याखाली गेले. त्यामुळे पलीकडच्या काठावरच्या गावांसाठी बोट ही मौजेची गोष्ट राहिलीच नाही. बाजार, दवाखाना, शाळा, सरकारी कचेरी, सगळ्याची वाट पाण्यातून गेली. सातारा जिल्हा परिषदेच्या लाँच त्यासाठीच सुरू झाल्या. गाड्या पलीकडं नेणारा तराफाही तापोळ्याकडं लोकांच्या ओळखीचा आहे.

दुसरीकडं पर्यटनाच्या बोटी. बामणोली, तापोळा आणि शेंबडी इथून त्या सुटतात. वासोट्याला जाणारे बहुतेक ट्रेकर बोटीनंच मेट इंदोलीला उतरतात. मार्च २०२४ मध्ये जावळी तालुक्यातल्या मुनावळे इथं सरकारी जलपर्यटन केंद्रही सुरू झालं. म्हणजे पाण्यात उभ्या राहणाऱ्या, काठाला बांधल्या जाणाऱ्या बोटींची संख्या वाढतच जाणार. त्या ठेवायच्या कशा, हा प्रश्नही त्यांच्याबरोबर वाढणार.

पावसाळ्यात वासोटा बंद असतो. बोटी काही महिने नुसत्या उभ्या राहतात. नेमक्या याच महिन्यांत इथं देशातल्या सगळ्यात जास्त पावसापैकी एक पाऊस कोसळतो. बांधून ठेवलेली बोट लाटेनं बुडण्याआधी पावसाच्या पाण्यानं भरूनच बुडते, हे कोणताही नावाडी सांगेल.

लिफ्ट रुतते कशी?

थोडं गणित करू. समजा, फायबरची छोटी बोट इंजिनासकट ८०० किलोची आहे आणि लोखंडी चौकट ४०० किलोची. एकूण १,२०० किलो. चार पायांवर वाटलं तर एका पायावर ३०० किलो. (लोखंड पाण्यात बुडलं की त्याचं वजन साधारण १३ टक्के कमी भासतं. पण ही सूट किरकोळ आहे, धरायलाच नको.)

त्या पायाखाली एक फूट बाय एक फुटाची पाटी असेल, तर गाळावर दर चौरस मीटरला सुमारे ३,३०० किलोचा दाब पडतो. हा आकडा किती मोठा? ७० किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला, तर त्याच्या तळव्याखाली जवळपास एवढाच दाब असतो. म्हणजे फूटभर पाट्यांची ही लिफ्ट म्हणजे चार माणसं गाळात एकेका पायावर उभी. ती किती वेळ उभी राहतील याचा अंदाज चिखलणीला उतरलेल्या कुणालाही बांधता येईल.

आता पाटी दोन फूट बाय दोन फूट करा. बाजू दुप्पट झाली, पण क्षेत्रफळ चौपट झालं. दाब उतरून ८३० किलोच्या आसपास आला. तीन फुटांची पाटी घेतली तर तो ३७० किलोवर येतो. वजन तेच, गाळ तोच, फक्त पाटी मोठी.

हे ज्ञान काही परदेशी नाही. उसाच्या फडात ट्रॉली रुतली की चाकाखाली पाचट टाकतात, फळ्या टाकतात. भातखाचरात ट्रॅक्टर उतरवताना रबरी चाकांऐवजी रुंद लोखंडी केज व्हील लावतात. गाळाशी ताकदीनं भांडता येत नाही, वजन पसरूनच त्याच्यावर उभं राहता येतं.

यात एक मेख आहे. बोट पाण्यावर तरंगत असते तेव्हा तिचा भार लिफ्टवर नसतो, पाण्यावर असतो. लिफ्ट बसवली, दोन दिवस पाहिलं, पाय हलले नाहीत, म्हणून काम झालं असं वाटतं. खरी परीक्षा बोट वर उचलल्यावर सुरू होते. म्हणूनच जाणकार लिफ्ट बसवल्यावर मुद्दाम पूर्ण भार देऊन काही दिवस थांबतात. पाय बसायचे तेवढे बसू देतात. मग पाणसळ लावून चारही पाय सारखे करतात. त्यासाठी पाय कमी-जास्त करता येणारे असावे लागतात, सरळ वेल्डिंग करून टाकलेले चालत नाहीत.

चारही पाय सारखेच खचले तर फार बिघडत नाही. एक पाय जास्त खचला की घोटाळा होतो. चौकट कलते, भार आणखी त्याच पायावर सरकतो, तो आणखी खचतो. एकदा हे चक्र सुरू झालं की थांबत नाही. त्यात उचललेली बोट वाऱ्याला शिडासारखी आडवी येते.

आणि कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस या गणितात धरायलाच हवा. चार मीटर लांब आणि दीड मीटर रुंद बोट लिफ्टवर उघडी ठेवली, तळाची गुडदी काढायची राहिली आणि दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर बोटीत सुमारे अर्धा टन पाणी साठतं. जुलैत महाबळेश्वर-नवजा भागात एका दिवसात १०० मिलिमीटर ही मोठी बातमीसुद्धा होत नाही. अशा दोन दिवसांत बोटीचं वजन दुपटीच्या पुढं जातं आणि पाट्यांचं सगळं गणित कोलमडतं. गुडदी काढणं आणि वर उतरतं आच्छादन टाकणं, हे पाट्यांइतकंच महत्त्वाचं आहे.

तळ कसा ओळखायचा?

गाळाची जात ओळखण्याची एक जुनी आणि जगभर वापरली जाणारी हातपरीक्षा आहे. ओल्या मातीत मूठ सहज काही इंच आत जात असेल तर ती अत्यंत मऊ. मूठ जात नाही पण अंगठा सहज जातो, तर मऊ. अंगठ्यालाही जोर लावावा लागत असेल तर मध्यम. पहिल्या प्रकारच्या गाळावर चार पायांची चौकट उभी करण्याचा विचारच न केलेला बरा.

पाण्याखालचा तळ मात्र हातानं तपासता येत नाही, आणि पाय टाकून तर अजिबात तपासू नये. धरणाच्या गाळात पाय अडकून पोहणारी माणसंही बुडतात. होडीतून लांब बांबू किंवा लोखंडी सळई खाली सोडायची, खुणा करून ठेवायच्या. कुठं गाळ सुरू झाला आणि कुठं 'टक्' लागलं, यातल्या अंतरावर पुढचं सगळं ठरतं. दोन फुटांखाली मुरूम लागला तर पाय सरळ मुरमापर्यंत उतरवता येतात. मग वरच्या गाळाची काळजी करायचं कारण नाही. दहा फूट गेलं तरी काही लागत नसेल, तर एक तर वजन पसरा, नाही तर खोल जा, नाही तर तळावर उभंच राहू नका. एका ठिकाणी टोचूनही भागत नाही. चारही पायांच्या जागा तपासाव्या लागतात, कारण बुडालेल्या खाचराचा बांध एका पायाखाली आणि खाचरातला चिखल दुसऱ्या पायाखाली असू शकतो.

शिवसागरात तर आणखी एक फसगत होते. उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि तळ उघडा पडतो. परदेशात पाण्यात उतरून जे काम करावं लागतं, ते इथं मे महिन्यात कोरड्यात करता येतं, ही मोठी सोय. पण मे महिन्यात तोच गाळ उन्हानं तडकून दगडासारखा झालेला असतो. त्यावर जीप जाते. पाहणाऱ्याला वाटतं, पाया चांगला आहे. जुलैत पाणी चढलं, भेगांतून आत मुरलं की दोन-तीन आठवड्यांत त्याच जमिनीचं पुन्हा लोणी होतं. त्यामुळे तळाची परीक्षा पाणी असतानाची खरी मानायची आणि काम मात्र मे महिन्यात करायचं.

खोल जायचं तर कसं?

वजन पसरण्याला पर्याय म्हणजे गाळ भेदून खालच्या घट्ट थराला धरणं. कोळी बांधव हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. मुंबई-वसईकडं समुद्राच्या चिखलट तळात लाकडी खुंट ठोकतात आणि त्यांना डोल जाळी बांधतात. भरती-ओहोटीचा सगळा ओढ ते खुंट सोसतात.

दुसरी युक्ती स्क्रूची. लोखंडी दांड्याच्या टोकाला रुंद पातं असलेला मोठा स्क्रू जमिनीत फिरवत नेला, की तो ठोकलेल्या खुंटापेक्षा घट्ट बसतो. वर ओढणाऱ्या जोरालाही तो दाद देत नाही, कारण त्याच्या पात्यावर वरचा सगळा मातीचा थर बसलेला असतो. या कल्पनेचं पेटंट १८३३ मध्ये अलेक्झांडर मिचेल या आयरिश अभियंत्यानं घेतलं. तो अंध होता. थेम्स नदीच्या मुखाशी सरकत्या वाळूवर त्याच्या स्क्रूंच्या आधारानं दीपगृह उभं राहिलं. पुढं मुंबई-बडोदा रेल्वेमार्गावर खाड्या आणि नद्या ओलांडतानाही, १८६० च्या आसपास, स्क्रूचे पाय असलेले पूल बांधले गेले. आज तलावातल्या लिफ्टच्या चौकटीला चारी बाजूंनी साखळ्यांनी ताण देऊन धरायला याच जातीचे छोटे स्क्रू-नांगर वापरतात. दोन माणसं आडवा दांडा लावून ते हातानं फिरवू शकतात.

यात पाट्या आणि स्क्रू यांची कामं वेगळी आहेत. पाटी खाली रुतू देत नाही. स्क्रू बाजूला सरकू देत नाही आणि वाऱ्यानं उलटू देत नाही. गाळ फार असेल तर दोन्ही लागतात.

एक गोष्ट मात्र बसवताना कुणाच्या डोक्यात नसते. ती काढताना कळते. रुंद पाटी महिनोन्‌महिने गाळात बसली की खाली पोकळी राहत नाही, गाळ तिला धरून बसतो. वरून सरळ ओढलं तर चिखलात रुतलेली म्हैस जशी जागची हलत नाही, तसं होतं. जोर वाढवला तर चौकट वाकते. त्यापेक्षा एका कडेनं हळूहळू उचलावं, पाटीखाली नळीनं पाणी मारावं, म्हणजे पकड सुटते. पाटीला आधीच भोकं ठेवली असतील तर काम आणखी हलकं होतं.

पण पाणीच जागेवर राहिलं नाही तर?

इथवर जे सांगितलं ते पातळी फारशी न बदलणाऱ्या तलावाला लागू पडतं. साताऱ्यात तसं उदाहरण महाबळेश्वरचा वेण्णा लेक. साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज यांनी तो १८४२ मध्ये बांधून घेतला. तिथं गाळ आहे, बोटी आहेत, आणि वर्षभरात पाणी थोडंच वर-खाली होतं. मोठ्या पाट्या आणि चार स्क्रू-नांगर यांच्यावर तिथं एखादी लिफ्ट उभी राहू शकेल.

शिवसागराचं तसं नाही. धरण पूर्ण भरतं तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून २,१६३ फूट ६ इंच असते. पुढं पोफळीकडं वीजनिर्मितीसाठी आणि पूर्वेकडं सिंचनासाठी पाणी जात राहतं. पश्चिमेकडं वळवायच्या पाण्याचा लवादानं ठरवलेला वाटाच ६७.५ टीएमसी आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस पातळी ८० फुटांहून जास्त उतरणं यात नवल नाही. आठ मजली इमारत होईल एवढा हा फरक.

उभ्या फरकापेक्षा आडवा फरक जास्त त्रास देतो. काठाचा उतार पाचास एक असेल, तर ८० फूट पाणी उतरल्यावर पाण्याची कड ४०० फूट लांब जाते. दहास एक असेल तर ८०० फूट. ऑक्टोबरात पाण्यात उभी केलेली लिफ्ट जानेवारीत कोरड्यात असेल आणि बोट खाली कुठं तरी गाळाच्या पट्ट्यापलीकडं. उन्हाळ्यात लाँच नेहमीच्या धक्क्याला लागत नाही, उतरायची जागा खाली सरकते, प्रवाशांना उघड्या पडलेल्या उतारावरून सामानसुमान घेऊन चढावं लागतं. आजारी माणसाला झोळीत घालून हाच उतार चढताना पायाखालच्या गाळाचा अर्थ वेगळाच होतो.

उलट बाजूही आहे. जुलैच्या मोठ्या पावसात पातळी एका दिवसात काही फूट चढते. आखूड दोरीनं काठाच्या झाडाला किंवा खुंटाला बांधलेली बोट अशा वेळी वर येऊ शकत नाही, नाकावर ओढली जाते आणि पाणी घेते.

यावरचा उपाय साताऱ्या-सांगलीच्या शेतकऱ्यानं कधीच शोधलेला आहे. धरणाच्या फुगवट्यातून पाणी उचलणारे कित्येक शेतकरी मोटर काठावर ठेवतच नाहीत. रिकामी पिंपं बांधून तराफा करतात, त्यावर मोटर बसवतात आणि लवचीक पाइप सोडतात. पाणी चढलं तर मोटर चढते, उतरलं तर उतरते. बोटीच्या बाबतीत याच विचाराला तरंगती लिफ्ट म्हणतात. चौकटीला पाय नसतात, बंद टाक्या असतात. टाक्यांत पाणी भरलं की चौकट खाली जाते, बोट वर येऊन थांबते, मग पंपानं टाक्यांत हवा भरली की बोटीसकट सगळं वर येतं. तळाशी संबंधच नाही. हिशेबही सोपा. २०० लिटरचं बंद पिंप स्वतःचं वजन वजा जाता साधारण १८० ते १९० किलो तोलतं. १,२०० किलोला सात पिंपं पुरतात असं दिसतं, पण गळती, पाऊस आणि चढणारी माणसं धरून दुप्पट तरी घ्यावीत.

तरंगत्या वस्तूला पाय लागत नाहीत, पण धरून ठेवायला नांगर लागतोच. मराठीत जमीन कसणारा आणि बोट धरणारा, दोघांनाही एकच शब्द आहे, आणि दोघांचं काम खरंच एकसारखं चालतं. नुसत्या वजनानं नाही, मातीत फाळ घुसवून. म्हणूनच सिमेंटचा ठोकळा सोडून दिला की झालं, हा समज महागात पडतो. काँक्रीट पाण्यात गेलं की त्याचं वजन सुमारे ४० टक्के कमी भासतं. काठावर १०० किलोचा असलेला ठोकळा तळाला ५८ किलोचाच उरतो. आपला काळा दगड त्यापेक्षा थोडा बरा, लोखंड सगळ्यात बरं. ठोकळा मऊ गाळात हळूहळू स्वतःच रुतला तर त्याची पकड वाढते, हा एकच ठिकाणी गाळाचा फायदा. कठीण उतारावर मात्र तो घसरत खाली जातो.

नांगराच्या दोरीचा जगभरचा ठोकताळा असा, की पाण्याच्या खोलीच्या पाच ते सातपट दोरी सोडायची. दोरी जितकी लांब तितका ओढ आडवा, आणि आडव्या ओढानंच फाळ मातीत घुसतो. शिवसागरात इथं अडतं. मे महिन्यात १० फूट पाण्यात टाकलेल्या नांगराला ५० फूट दोरी पुरते. ऑगस्टात त्याच जागी ९० फूट पाणी असेल तर ४५० फूट लागते. एवढी दोरी कायम सोडून ठेवली, तर कमी पाण्यात बोट सगळ्या खाडीभर फिरेल आणि शेजारच्या बोटींत गुंतेल. त्यामुळे इथं नांगर एकदा टाकून विसरता येत नाही. दोरी सोडणं-आवळणं हे कुणाचं तरी रोजचं काम असावं लागतं. धरणाची पातळी रोज जाहीर होते, तेवढं पाहून दोरीचं ठरवणारा एक माणूस नेमला तर अर्धं काम झालं.

मोठ्या लाँचसाठी वेगळा, जुना आणि मजबूत मार्ग आहे तो रुळांचा. काठाच्या उतारावर वरपासून उन्हाळी पाण्याच्या पातळीपर्यंत दोन रूळ टाकायचे, त्यावर पाळण्यासारखी गाडी, आणि वर यारी. पाणी कुठंही असो, गाडी तिथपर्यंत जाते आणि लाँच अलगद वर येते. रुळांखाली पाया मे महिन्यात, कोरड्यात, मुरमापर्यंत खोदून घालता येतो. खर्च जास्त, पण खोऱ्यातल्या उभ्या उतारांना हाच पर्याय सगळ्यात शोभतो. तरंगत्या लिफ्ट छोट्या पर्यटन बोटींसाठी ठीक. प्रवासी लाँचची दुरुस्ती आणि पावसाळी मुक्काम मात्र रुळांवरच व्हायला हवा.

यातलं काहीही स्वतःच्या मनानं उभं करता येत नाही, हेही सांगायला हवं. जलाशयाचं पाणी आणि तळ जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहे. वासोट्याच्या बाजूचा बराच काठ कोयना अभयारण्यात आणि पर्यायानं सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथं वनविभाग. बोटीची नोंदणी आणि तपासणी अंतर्देशीय जहाज कायदा २०२१ खाली येते, राज्यात ते काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहतं. परवानगीशिवाय तळात ठोकलेला खुंट पाणी चढल्यावर दिसत नाही, आणि दुसऱ्याच्या बोटीचा तळ फाडतो.

सांगलीत मात्र गणित उलटं

सांगलीत प्रश्न तलावाचा नाही, कृष्णेचा आहे. बंधाऱ्यांना बरगे घातले की हिवाळा-उन्हाळ्यात पाणी शांत आणि तुंबलेलं असतं. काठाला मळीची जमीन, म्हणजे नदीनं आणून टाकलेला सुपीक गाळ. कृष्णाकाठची वांगी गोड लागतात ती याच गाळामुळं, आणि काठावर उभं केलेलं काहीही खचतं तेही याच गाळामुळं. पाणी झपाट्यानं उतरलं की भिजलेल्या काठाला समोरून असलेला पाण्याचा आधार जातो आणि दरडच्या दरड नदीत कोसळते. तिच्यावर रोवलेला खुंट तिच्याबरोबर जातो.

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा पाण्यात नदीपात्रात उभी केलेली कोणतीही लिफ्ट टिकणार नाही. प्रवाह पायांभोवतीचा गाळ खरवडून नेतो, वर जलपर्णीचे ढीग आणि वाहून आलेली झाडं अडकतात. मोटारी काढायला काठावर धावपळ उडते ती उगीच नाही.

सांगलीत होड्यांच्या शर्यतींची परंपरा आहे, वल्हं मारणारे हात गावोगाव आहेत. गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून पूर ओलांडल्याच्या गोष्टी जुनी माणसं सांगतात. पण ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. एकच बोट, चारी बाजूंनी पाणी, आणि थांबायला कुणी तयार नाही, अशी ती वेळ होती.

गावात एकाऐवजी दोन-तीन बोटी चालू स्थितीत असणं, हे अशा वेळी फार मोलाचं ठरतं. आणि बोट चालू स्थितीत राहते की नाही, हे ती वर्षभर कुठं ठेवली यावर ठरतं. घाटाला बांधलेली बोट पुराच्या पहिल्या रात्रीच जाऊ शकते. उन्हात टाकलेल्या रबरी बोटीला भेगा पडतात. नदीकाठच्या गावाला लिफ्ट नको, चाकांची गाडी हवी. बोट ट्रेलरवर, पूररेषेच्या वर, छपराखाली, गुडदी काढून, उलटी किंवा उतरती ठेवलेली. इंजिन महिन्यातून एकदा पाण्याच्या पिंपात चालवून पाहिलेलं. लाइफ जॅकेट त्याच खोलीत, आणि बोटीवर किती माणसं बसवायची तो आकडा दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत रंगवलेला. किल्ली कुणाकडं आहे, हे मे महिन्याच्या ग्रामसभेत सांगितलेलं असावं. जुलैत ते विचारत फिरायला वेळ नसतो.